लाल दिव्याच्या अलीकडे

धुळे-सोलापूर महामार्ग बीड सोडून दक्षिणेला निघतो, पालीच्या पुढे बालाघाटाचा घाट चढतो आणि पठारावर आला की मांजरसुंबा लागतं. जामखेड-पाटोद्याकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथेच त्याला छेदतो. घाटात ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कण्हत असतात, फाट्यावर एअर हॉर्न आणि ढाब्यांची गजबज. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिक पौर्णिमेला तिथे लिंगायत समाजाच्या दिंड्या येतात. आसपासच्या गावांत वर्षातून एकदा तरी अखंड हरिनाम सप्ताह बसतोच. आवाज टिपायची हौस असलेल्या माणसाला या भागात विषयांची वाण नाही, आणि हौसही भरपूर आहे. सप्ताहाच्या मांडवात आता व्यासपीठाच्या कडेला एक लॅपटॉप, एक केबल आणि एक तरुण हमखास दिसतो.

असं केलेलं रेकॉर्डिंग पुढे यूट्यूबवर ऐकलं की बहुतेक वेळा एकच दोष जाणवतो. सुरुवातीचा अभंग ठीक, निरूपण ठीक. पण गजर रंगात आला, टाळ-मृदंग आणि पन्नास कंठ एकदम उठले, की आवाज फाटतो. चर्र्र अशी एक खरखरीत साय सगळ्यावर चढते. मग दोष माईकला दिला जातो आणि पुढच्या वर्षी महागडा माईक येतो. तोही फाटतो. माझ्या मते अशा दहांतल्या आठ फायली बिघडतात त्या माईकमुळे नाही, तर पडद्यावरची ती हिरवी-पिवळी-लाल पट्टी कोणी नीट पाहिलेली नसते म्हणून. तिला लेव्हल मीटर म्हणतात. पट्टी साधी दिसते, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे थोडं खोलात जाऊन पाहायला हवं.

आवाज म्हणजे हवेचा कमी-जास्त होणारा दाब. माईक त्याचं रूपांतर विजेच्या अगदी बारीक, काही मिलिव्होल्टच्या हेलकाव्यांत करतो. मिक्सरमधला किंवा ऑडिओ इंटरफेसमधला प्रीअ‍ॅम्प ते हेलकावे मोठे करतो. किती मोठे करायचे हे ठरवणारं बटण म्हणजे गेन. त्यानंतर येतो तो कन्व्हर्टर. तो सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा त्या विजेची उंची मोजतो आणि आकडा लिहितो. १६ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये हा आकडा उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच असू शकतो. त्यापलीकडे लिहायला आकडाच नाही. वीज याहून वर गेली तर कन्व्हर्टर तोच शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा लिहीत राहतो, आणि लाटेचा गोल माथा कापून सपाट होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. सपाट माथ्याच्या लाटेत मूळ गाण्यात नसलेले कर्कश स्वर तयार होतात, म्हणून कानाला फाटल्यासारखं वाटतं.

धान्य पायलीने मोजायचे तेव्हा काठाच्या वर शीग चढवून देणारा दुकानदार उदार समजला जाई, आणि काठावरून काठी फिरवणारा चिक्कू. डिजिटल रेकॉर्डिंग या दुसऱ्या जातीचं आहे: काठाच्या वरचा प्रत्येक दाणा ते पाडून टाकतं, आणि पडलेला दाणा परत मिळत नाही.

जुनी चुंबकीय टेप मात्र थोडी शीग चालवून घेई. आवाज मर्यादेबाहेर गेला तरी टेप एकदम कापत नसे, हळूहळू दाबत असे, आणि तो दाबलेला आवाज कित्येकांना गोडही वाटे. उलट कॅसेटला स्वतःची सूंसूं फार. हळू आवाजात भरलं तर गाण्याइतकीच सूंसूं ऐकू यायची. त्यामुळे कॅसेटच्या काळातल्या माणसाने काटा लालात टेकेपर्यंत लेव्हल चढवायची, हेच शहाणपण होतं. १९८० नंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रात भक्तिगीतांच्या, भारुडांच्या, कीर्तनांच्या कॅसेटी गावोगाव पोचल्या, आणि साउंडवाल्यांची एक अख्खी पिढी याच सवयीत तयार झाली. यंत्र बदललं, सवय तशीच राहिली. आजच्या मांडवात लाल दिवा लुकलुकताना दिसला की ‘भरतंय चांगलं’ असं कोणीतरी म्हणतं, त्याचं मूळ इथे आहे.

आता पट्टीवरचे आकडे. डिजिटल मीटरवर शून्य हे सर्वांत वरचं टोक असतं आणि बाकी सगळे आकडे उणे. उणे ६, उणे १२, उणे २०, उणे ६० डेसिबल. नवख्याला हे उलटं वाटतं, पण अर्थ सोपा आहे: काठापासून किती खाली आहोत, ते हा आकडा सांगतो. उणे ६ म्हणजे लाटेची उंची कमाल उंचीच्या निम्मी. उणे २० म्हणजे दहावा भाग. उणे ६० म्हणजे हजारावा. आपला कानही साधारण याच पटीच्या हिशेबाने आवाज जोखतो, म्हणून मोजमाप असं केलेलं आहे.

घोळ होतो तो चित्रामुळे. ऑडेसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना लाटेचं निळं चित्र उमटत जातं, ते मात्र सरळ उंचीच्या हिशेबात काढलेलं असतं. मीटरवर उणे १८ च्या आसपास येणारं, अगदी निरोगी निरूपण त्या चित्रात जेमतेम आठव्या भागाइतकं उंच दिसतं. मधोमध एक बारीक किडकी रेघ! बघणारा घाबरतो, गेन वाढवतो, चित्र भरदार दिसेपर्यंत वाढवत नेतो, आणि नेमकी गजरासाठी लागणारी जागा निरूपणातच खर्चून बसतो. चित्र बारीक दिसलं तर दिसू द्यावं. आकडा पाहावा.

ऑडेसिटीचं नाव आलं म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००० साली ते सर्वांसाठी मोफत खुलं केलं. आपल्याकडच्या हौशी लॅपटॉपांवर ते सर्रास असण्याचं कारणही हेच. त्यात रेकॉर्ड बटण न दाबताही मीटर चालू करून लेव्हल पाहता येते. बरेच जण ही सोय वापरतच नाहीत. पट्टी खाली आली तरी सर्वांत उंच गेलेल्या जागी एक रेघ मागे थांबते. रेकॉर्डिंग करताना सारखं पट्टीकडे टक लावून बसायची गरज नसते, अधूनमधून या रेघेकडे पाहिलं तरी पुरतं. टोकाला लाल खूण पेटली तर समजायचं की आतापर्यंत कधीतरी माथा कापला गेला.

मग नेमकी लेव्हल किती असावी? निव्वळ बोलणं असेल तर सर्वांत जोराचा शब्द उणे ६ ते उणे १० च्या दरम्यान गेला तर उत्तम. पण कीर्तनाला हा नियम लावू नये. कीर्तन एका पातळीवर चालत नाही. महाराज सुरुवातीला शांत असतात, दृष्टान्तात आवाज कुजबुजीपर्यंत उतरतो, मग एकदम आरोळी येते. मागे गायनाचार्य, मृदंगाचार्य, दोन्ही बाजूंना टाळकरी. तास-दीड तासात अंगात जोर येत जातो आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला तर तो कळसाला जातो. कीर्तनाच्या आधी ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणून लावलेली लेव्हल या सगळ्याला पुरणार नाही, हे उघड आहे. त्यापेक्षा टाळकऱ्यांना, मृदंगवाल्यांना मिनिटभर सगळ्यांनी मिळून जोरात गजर करायला सांगावं, त्यात मीटरची रेघ उणे १२ च्या वर जाणार नाही असा गेन ठेवावा आणि मग त्याला हात लावू नये. एवढी जागा मोकळी सोडली तरी खऱ्या रंगात ती निम्मी वापरली जाते, असा अनुभव येतो.

एवढ्या खाली भरल्यावर आवाज हळू राहून बिघडणार नाही का, ही शंका रास्त आहे. कॅसेटच्या काळात ती खरीच होती. डिजिटलमध्ये दर बिटमागे सुमारे ६ डेसिबलचा वाव मिळतो: १६ बिटला ९६, २४ बिटला १४४. साधा ऑडिओ इंटरफेस आज २४ बिटचा असतो. उणे १८ वर भरलेलं निरूपण नंतर १० डेसिबलने वाढवलं तर यंत्राची म्हणून जी खरखर वाढेल ती मांडवातल्या पंख्याच्या आवाजाखाली कुठल्या कुठे बुडालेली असेल. हळू भरलेलं वाढवता येतं. कापलेलं जोडता येत नाही. ऑडेसिटीत ‘क्लिप फिक्स’ नावाची सोय आहे, ती कापलेल्या माथ्यांवर अंदाजाने गोलाई काढते. एखाद-दुसरी टाळी सुधारते, अख्खा फाटलेला गजर नाही.

टाळ हा या सगळ्यातला सर्वांत लबाड गडी. टाळाचा ठोका क्षणभराचा असतो, पण त्या क्षणात लाट फार उंच उसळते आणि लगेच खाली येते. सरासरी ऊर्जा थोडी, शिखर मोठं. जुने काट्याचे व्हीयू मीटर बेल प्रयोगशाळा आणि एनबीसी, सीबीएस या अमेरिकी रेडिओ कंपन्यांनी मिळून ठरवले आणि १९३९ मध्ये वापरात आले. त्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला होता. आवाज आल्यावर योग्य जागी पोचायला त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागत. मानवी बोलणं किती मोठं वाटतं हे दाखवायला तो छान, पण टाळाचा ठोका काटा हलायच्या आत येऊन गेलेला असे. मिक्सरवर आजही असे काटे किंवा त्यांच्या चालीचे दिवे असतात. म्हणून मिक्सरवर सगळं हिरवं आणि लॅपटॉपवर लाल, असा प्रकार घडला तर दोन्ही मीटर खरंच बोलत असतात. एक सरासरी सांगतो, दुसरा शिखर. फाटणं शिखरावर ठरतं, तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळी शिखर दाखवणाऱ्याचं ऐकावं.

आणि आता तो दोष, जो लॅपटॉपवरचा मीटर दाखवत नाही. मांडवातला साउंडवाला आधीच मिक्सरचा गेन एवढा चढवून बसलेला असतो की माथे मिक्सरमध्येच कापले जातात. तिथून केबल लॅपटॉपला येते. आपण सॉफ्टवेअरमधली रेकॉर्डिंगची लेव्हल खाली ओढतो, मीटर शहाण्यासारखा उणे १२ ला थांबतो, लाल काही पेटत नाही, आणि तरी घरी ऐकताना फाटलेलं! कारण कापलेली लाट नंतर लहान केली तर ती लहान कापलेली लाट होते. चित्र मोठं करून पाहिलं की माथे काठापासून खूप खाली असूनही पठारासारखे सपाट दिसतात. सॉफ्टवेअर साखळीत सर्वांत शेवटी बसलेलं असतं. आधीच्या प्रत्येक कडीवर गेन नीट आहे ना, हे माईकपासून सुरू करून क्रमाने पाहावं लागतं. ऑडेसिटी आतून ३२ बिट फ्लोट पद्धतीने आकडे ठेवते हे वाचून काही जण निर्धास्त होतात. त्या पद्धतीत शून्याच्या वरचे आकडेही लिहिता येतात हे खरं, पण साउंड कार्ड १६ किंवा २४ बिटचंच असेल तर काठ कार्डावरच लागतो, सॉफ्टवेअरपर्यंत शाबूत माथा पोचतच नाही. कन्व्हर्टरपासूनच ३२ बिट फ्लोटसाठी बनवलेले रेकॉर्डर अलीकडे मिळू लागले आहेत, तिथे गोष्ट वेगळी. तिथेही फाटून आलेला मिक्सरचा आवाज फाटकाच राहतो.

याच साखळीत आणखी एक सापळा लॅपटॉपच्या भोकाचा. त्यातली जोडणी माईकच्या मिलिव्होल्टसाठी असते. व्यावसायिक मिक्सरचं लाइन आउट मात्र सव्वा व्होल्टच्या आसपास असतं. म्हणजे शेकडो पट फरक. वर विंडोजमध्ये ‘मायक्रोफोन बूस्ट’ २० किंवा ३० डेसिबलवर राहिलेला असला तर विचारूच नका. साधा इंटरफेस किंवा मध्ये लावायचा, येणारी वीज कमी करणारा अटेन्युएटर हा नव्या माईकपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी. मोबाइलवर भरणाऱ्यांची अडचण वेगळी असते: फोन स्वतःच लेव्हल वर-खाली करतो. महाराज थांबले की पंखा आणि कुजबुज फुगून वर येते, बोलू लागले की दबते. ज्या अ‍ॅपमध्ये हे आपोआप चालणारं नियंत्रण बंद करता येतं ते वापरावं.

काठाची बाजू झाली. तळाचीही एक बाजू आहे. कोणी बोलत नसताना मीटर पूर्ण खाली जात नाही. मांजरसुंब्यासारख्या फाट्यावरच्या खोलीत दिवसा तो उणे ४० च्या आसपास थरथरत राहिला तरी नवल नाही: ट्रक, पंखा, इन्व्हर्टर, कुलर, अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुंगुं. बोलणं उणे १८ वर आणि हा कोलाहल उणे ४० वर असेल तर मधलं अंतर २२ डेसिबल. गेन वाढवला तर दोन्ही सारखेच वर सरकतात, अंतर तेवढंच. अंतर वाढवायचा खरा उपाय माईक तोंडाजवळ आणणं. मोकळ्या जागेत माईक निम्म्या अंतरावर आणला की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि रस्त्याचा गोंगाट होता तिथेच राहतो. हातभर लांबचा माईक वीतभर अंतरावर आणणं हे फुकटातलं काम दहा हजारांच्या माईकपेक्षा मोठं आहे. पठारावर वारा बेफाम असतो, पवनचक्क्या काही उगाच उभारलेल्या नाहीत. उघड्यावर माईकला फोम किंवा केसाळ टोपी नसेल तर वाऱ्याचा एक झोतच मीटर लालात नेतो आणि कानाला नुसतं भदभद ऐकू येतं.

लेव्हल सांभाळायचं काम मीटरच्या आधीही होतं, फक्त ते हाताने व्हायचं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचं गाणं तबकडीवर भरलं गेलं, तेव्हा माईक नव्हता. गवई एका मोठ्या कर्ण्यात गात आणि आवाजाच्या जोराने सुई मेणात चर काढी. तार स्वर जवळून लागला तर सुई उसळून चर बिघडायची. म्हणून तार स्वराला कर्ण्यापासून मागे सरायचं आणि मंद्राला पुढे यायचं, हा त्या काळच्या रेकॉर्डिंगचा रिवाज होता. गायकाला ते जमलं नाही तर कंपनीचा माणूस त्याला धरून हलवी. १९२५ पासून विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं आणि हे काम बटणाकडे गेलं.

बीड जिल्ह्यातच एक असं रेकॉर्डिंग आहे, ज्यामुळे या सगळ्या काळजीचं मोल कळतं. अभ्यासक गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि १९९० च्या दशकात ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं, सुमारे १२० तासांचं. एप्रिल १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरमध्ये तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवर, बुद्धावर रचलेल्या ओव्या गायल्या, त्या या संग्रहात आहेत. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून हा ठेवा लोकांसमोर आणायला सुरुवात केली. मुद्रण डॅट या डिजिटल टेपवर झालं होतं. डॅट दिसायला कॅसेटची धाकटी बहीण, पण नियम आजच्या लॅपटॉपचाच: शून्याच्या वर काही नाही.

ओवी टिपणं वाटतं तितकं सोपं नसतं. जातं फिरत असेल तर त्याची घरघर हा तळ चांगलाच वर आणते. एक बाई हलक्या आवाजात ओळ उचलते, दुसऱ्या दोघी-तिघी तिला जोडून घेतात आणि आवाज एकाएकी दुपटी-तिपटीने वाढतो. शिवाय गाणारीला ‘बाई, तेवढी ओवी परत म्हणा, लाल लागलं’ असं सांगणं बरं नव्हे; ओवी तिला सुचेल तशी येते आणि दुसऱ्यांदा तीच येईल याचा भरवसा नाही. इथे वर जागा राखून ठेवणं हा एकच मार्ग उरतो. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले. ओव्या गाणाऱ्या त्या बायकांचे आवाज मात्र आज घरबसल्या ऐकता येतात.

राहिली लोकांपर्यंत पोचवायची बाब. ‘आमचा व्हिडिओ दुसऱ्यांपेक्षा हळू वाजतो’ या धास्तीने लेव्हल चढवणाऱ्यांना एक माहिती उपयोगी पडेल. एखादा आवाज कानाला एकूण किती मोठा वाटतो, हे मोजायची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रमाणित केली. तिच्या मापाला लफ्स म्हणतात. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये तिच्या आधारे उणे २३ लफ्स ही पातळी ठरवून घेतली. यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या वरचा आवाज वाजवताना आपणहून खाली आणतं. म्हणजे ठासून भरलेलं कीर्तन तिथे खाली ओढलं जाणार, आणि फाटलेपण तेवढं शिल्लक राहणार.

मूळ फाइल आहे तशी, एकही बदल न करता, वेगळी जपून ठेवावी. तिची प्रत घेऊन, हेडफोन लावून, टाळांचे फार उसळलेले ठोके लिमिटरने थोडे दाबावेत, एकूण आवाज उणे १४ ते उणे १६ लफ्सपर्यंत चढवावा आणि शिखर उणे १ च्या वर जाऊ देऊ नये. मग एकदा साध्या मोबाइलच्या स्पीकरवर वाजवून पाहावं, कारण बहुतेक लोक ते तिथेच ऐकणार आहेत.